साइडिंगवरचा नाताळ

दुसऱ्या महायुद्धाचं तिसरं वर्ष चालू होतं. मी तेव्हा एका गॅरिसन कंपनीत हवालदार होतो. गाव नांदगाव खंडेश्वरच्या बाजूचं, घर शेतकऱ्याचं. आफ्रिकेच्या डोंगरात डाव्या मांडीत गोळी लागली होती. हॉस्पिटलमधून बाहेर आलो तेव्हा डॉक्टरांनी मला रायफल कंपनीसाठी अनफिट केलं आणि इटालियन कैद्यांच्या पहाऱ्यावर माझी पोस्टिंग झाली. काम सोपं होतं. बोटीतून उतरलेले कैदी मुंबईला ताब्यात घ्यायचे, रेल्वेनं पूर्वेकडच्या छावणीत पोचवायचे, सही घ्यायची आणि परत यायचं.

चोवीस डिसेंबरला दुपारी चार वाजता आमची स्पेशल ट्रेन मुंबईहून सुटली. नऊ बोग्या. एकेका बोगीत चाळीस-पन्नास कैदी आणि दहा जणांचा गार्ड. शेवटच्या बोगीचा गार्ड कमांडर मी होतो. माझ्याकडे शेहेचाळीस कैदी होते. माझ्या हाताखाली नायक यशवंत आणि आठ शिपाई. यशवंत भातकुलीचा. उंच, कमी बोलणारा, पण बोलला की नेमकं बोलणारा. पलटणीच्या रीतीनं तो मला उस्ताद म्हणे.

मी कैद्यांशी बोलत नसे. हुकूम द्यायचा असला तर यशवंतला सांगायचो. याचं कारण कंपनीत सगळ्यांना माहीत होतं. ज्या दिवशी मला गोळी लागली त्याच दिवशी, माझ्यापासून सहा हातांवर, लान्स नायक महादेव पडला. तो तेल्हाऱ्याचा. आम्ही एकाच दिवशी भरती झालो होतो आणि साडेतीन वर्षं एका ताटात जेवलो होतो. गोळ्या इटालियन मशीनगनच्या होत्या. त्याला आणायला मी परत गेलो तेव्हा मला लागली. त्याला आणता आलं नाही.

पंचवीस तारखेला सकाळी सात चाळीसला, अकोला मागे टाकल्यावर, एका लहान स्टेशनावर गाडी थांबली. स्टेशनाचं नाव लिहीत नाही. तिथं मी लष्करी हुकूम मोडला, आणि त्यात ज्यांनी मला साथ दिली त्यांची घरं अजून तिथं आहेत. आमच्या बोगीचा अ‍ॅक्सल तापून धूर निघत होता. रेल्वेच्या माणसानं खाली वाकून पाहिलं आणि मान हलवली. बोगी पुढं जाणार नव्हती.

आमचे कॅप्टन साहेब इंग्रज होते. तरुण, शिस्तीचे. त्यांनी पाच मिनिटांत निर्णय घेतला. बोगी कापून साइडिंगवर, बाजूच्या रुळावर, ठेवायची. बाकी गाडी पुढं जाईल. बडनेऱ्याहून दुरुस्तीची टोळी आणि इंजिन येईल.

"हवालदार, दार बंद. कोणीही कैदी खाली उतरणार नाही. सिव्हिलियन जवळ येणार नाही. समजलं?"

"सर."

"कुठल्याही परिस्थितीत."

"सर."

आठ वाजून पाच मिनिटांनी गाडी गेली. ती दिसेनाशी झाल्यावर यशवंत माझ्याजवळ आला.

"उस्ताद, किचनची बोगी बी गेली."

रेशन सगळं पुढं गेलं होतं. आमच्याकडे बिस्किटांचा एक डबा होता आणि छप्पन माणसं होती. स्टेशन मास्तरांनी बडनेऱ्याला तार केली. उत्तर आलं, इंजिन दुपारनंतर. रेशनबद्दल तारेत काहीच नव्हतं.

मी चार शिपाई बोगीच्या चारी बाजूंना उभे केले. साइडिंगच्या एका अंगाला काळ्या मातीची शेतं. दुसऱ्या अंगाला तीनशे यार्डांवर एक जिन, म्हणजे कापसाची सरकी काढायचा कारखाना. कापसाचा हंगाम भरात होता. जिनच्या आवारात पन्नासेक बैलबंड्या उभ्या होत्या, आणि उघड्यावर कापसाचा ढीग होता, दुमजली घराएवढा. जिनच्या पलीकडे पंधरा-वीस घरांची वस्ती आणि पत्र्याच्या छपराचं एक लहान प्रार्थनामंदिर. त्याच्यावर कागदी चांदणी लावलेली होती. ती ख्रिस्ती वस्ती होती. कैद्यांनी ती चांदणी पाहिली आणि सगळे त्या बाजूच्या खिडक्यांना आले. काहींनी छातीवर क्रूसाची खूण केली.

साडेदहाला उपासना सुटली. थोड्या वेळानं तिकडून माणसांची एक रांग निघाली आणि सरळ बोगीकडे येऊ लागली. पुढं एक बाई होती. पन्नाशीची, ठेंगणी, पांढरं लुगडं, डोक्यावर मोठी पाटी. मागं आठ-दहा बायामाणसं, प्रत्येकाजवळ टोपलं नाहीतर भांडं. शिपायानं त्यांना थांबवलं. मी पुढं गेलो.

"मांगं व्हा, बाई. इथं यायची परवानगी नाही."

"हे लोक कावून कोंडून ठेवले?"

"कैदी आहेत. लढाईतले."

"कैदी हायेत थे मले दिसून राह्यलं. जेवले काय, थे इचारून राह्यली मी."

तिनं माझ्या शिपायाकडे पाहिलं. तो आदल्या संध्याकाळपासून उपाशी होता आणि त्याची नजर पाटीवर होती.

"तुमी बी जेवले नाई," ती म्हणाली.

तिचं नाव रूथबाई. वस्तीतल्या लहानशा दवाखान्यात ती नर्स होती. आसपासच्या सात-आठ गावांची बाळंतपणं करत असे. गावातली बरीच माणसं तिच्या हातात जन्मलेली होती, तरी तिच्या हातचं पाणी गाव घेत नसे. त्या काळी तसंच होतं. आमच्या घरीही तसंच होतं. माझी ती सवय पलटणीत मोडली होती.

"ऑर्डर नाही, बाई."

"जेवाले ऑर्डर लागते?"

"कॅप्टन साहेबांची."

"कुठं हायेत थे?"

"पुढं गेले."

"मंग इथं तं तुमीच हा." तिनं पाटी खाली ठेवली. "आज आमचा नाताळ हाय. परका मानूस दारी आला तं त्याले जेवू घालतो आमी. तुमी तं बोगीभर आले. आमी सकायपासून चुली इझू देल्या नाई."

तेव्हा मी जे बोललो ते हवालदारानं सिव्हिलियनशी बोलायचं नसतं. पण ती आमच्याकडच्या बोलीत बोलत होती, आणि माझ्या तोंडून निघून गेलं.

"यायनं माहा मानूस मारला, बाई."

तिनं खिडक्यांकडे पाहिलं. मग तिनं विचारलं, "यायनंच?"

"यायच्या पलटनीनं."

"नाव काय होतं त्याचं?"

"महादेव."

"मंग मी वाटत नाई," ती म्हणाली. "तुमीच वाटा. तुमच्या हातानं."

असं म्हणून तिनं पाटीवरचं फडकं काढलं. करंज्या होत्या. मागच्या भांड्यांत मटणाचा रस्सा, वरण, पोळ्या, वांग्याची भाजी. एका टोपल्यात संत्री. माझे शिपाई माझ्याकडे पाहत होते, आणि खिडक्यांतून शेहेचाळीस माणसं पाहत होती.

हुकूम दार न उघडण्याचा होता. खिडकीतून अन्न देऊ नये असं त्यात नव्हतं. सिव्हिलियन जवळ येणार नाहीत हे मात्र होतं. मी बायांना दहा पावलं मागं उभं केलं आणि पाटी स्वतः उचलली.

पहिल्या खिडकीत सार्जंट बेप्पे होता. रुंद खांद्यांचा, करड्या केसांचा, कैद्यांचा म्होरक्या. लढाईआधी गवंडीकाम करायचा. त्याला तुटकं इंग्रजी येत होतं. त्यानं गजांमधून हात बाहेर काढला आणि ओंजळ केली. मी तिच्यात करंजी ठेवली. तो माझ्या डोळ्यांत न पाहता हळूच म्हणाला, "ग्रात्सिए." ते त्यांच्या भाषेतलं धन्यवाद. छावणीत हजारदा ऐकलं होतं. त्या दिवशी मी पहिल्यांदा मान हलवून उत्तर दिलं.

शेहेचाळीस हातांत मी शेहेचाळीस करंज्या ठेवल्या. मग यशवंतनं आणि मी पोळ्या आणि रस्सा वाटला. शिपायांना दोन पाळ्यांत जेवायला बसवलं. साडेअकराला बोगीत गाणं सुरू झालं. दुसरं कडवं चालू झालं तेव्हा दहा पावलांवर उभ्या असलेल्या वस्तीतल्या बायांनी तेच गाणं मराठीत उचललं. चाल दोघांनाही ठाऊक होती. शब्द वेगळे. सिग्नलजवळचा गँगमन काम सोडून ऐकत बसला. मला गाण्यातलं काही कळत नाही, पण त्या वेळी छातीवर बसलेला एक दगड हलल्यासारखं वाटलं, हे खरं सांगतो.

रूथबाई भांडी गोळा करून निघाली तेव्हा पाटीत थोड्या करंज्या उरल्या होत्या.

"ह्या रेच्यावरच्या आमच्या बायाईले देतो," ती म्हणाली. "आज सनाचा दिवस, अन् थ्या मायबाया रुई गिळून राह्यल्या." सरकी काढायच्या यंत्राला आमच्याकडे रेचा म्हणतात. जिनमध्ये रेच्यांवर कापूस घालायचं काम बायाच करत.

ती जिनच्या आवारातून आत गेली. तिला जाताना सगळ्या बोगीनं पाहिलं.

एक वीसला आग लागली.

कशानं लागली हे शेवटपर्यंत कळलं नाही. मला आधी ओरडणं ऐकू आलं. वळून पाहिलं तर कापसाच्या ढिगाच्या जिनकडच्या टोकातून धूर निघत होता. पाहता पाहता ढिगाचं ते अंग पेटलं. कापूस जळतो तेव्हा गवतासारखा भडकत नाही. आतून धुमसत जातो आणि वरून जळते पुंजके उडवतो. पुंजके उडून जिनच्या दारावर पडत होते. दाराला लागून फळ्यांची पडवी होती. तिनं पेट घेतला. जिनच्या इमारतीला दार ते एकच होतं. खिडक्या होत्या त्या उंचावर, लोखंडी गजांच्या. आत बावीस बाया आणि रूथबाई.

आवारातले शेतकरी बंड्या ओढत होते, बैल सोडत होते. बैल उधळले होते. पाच-सहा माणसं दाराकडे धावली आणि आगीमुळं मागं आली. कोणी कोणाचं ऐकत नव्हतं. सगळी मिळून साठेक माणसं होती, पण त्यांना धरून ठेवणारं कोणी नव्हतं.

वारा पलीकडे वाहत होता. बोगीला धोका नव्हता. दार बंद ठेवून मी तिथं उभा राहिलो असतो तर कोणीही मला दोष दिला नसता.

बेप्पेनं गज दोन्ही हातांनी धरले होते. "हवालदार! ओपन! विमेन इनसाइड! ममा इनसाइड!"

ते रूथबाईला सकाळपासून ममा म्हणत होते. त्याच्यामागून बाकीचेही ओरडत होते. मी खिडकीपाशी गेलो.

"तुझी माणसं पळाली तर?"

"नो रन." त्यानं छातीवर हात ठेवला. "वन मॅन रन, यू शूट मी."

मी यशवंतकडे पाहिलं. माझ्या हाताखाली नऊ माणसं होती. एक कैदी जरी सुटला तर माझं कोर्ट मार्शल होतं, आणि त्यांचंही.

"नायक, काय म्हणतोस?"

"हुकूम तुमचा, उस्ताद. हातात रायफल ठेवाची का बकेट, तेवढं सांगा."

एक सव्वीसला मी कुलूप काढलं.

मी हुकूम दिले. रायफली सगळ्या बोगीत, त्यांच्यावर दोन शिपाई. यशवंत वीस कैदी आणि चार शिपाई घेऊन पाण्यावर. मी, बेप्पे आणि उरलेले पंचवीस मागच्या भिंतीवर, दोन शिपाई सोबत. इंग्रजीत बोललो, मराठीत बोललो, हातानं दाखवलं. बेप्पेनं त्यांच्या भाषेत दोन वाक्यांत सांगितलं. त्यानंतर मी जे पाहिलं ते कवायतीच्या मैदानावरही क्वचित पाहिलं आहे. शेहेचाळीस माणसं दोन फळ्यांमध्ये पळत निघाली आणि कोणाची रांग मोडली नाही.

आम्ही जिनच्या मागं गेलो. आतून बाया खिडक्यांखाली ओरडत होत्या. गजांमधून धूर येत होता. भिंत विटांची, दीड हात जाड. वाटेत रुळांवरच्या गँगमनच्या पहारी उचलल्या होत्या; एका कैद्यानं जागा मिळेल तिथं पहार मारली. बेप्पेनं त्याला बाजूला केलं. त्यानं भिंतीवर तळवा फिरवला, दोन पावलं सरकला आणि एका खिडकीच्या बरोबर खाली बोट ठेवलं. खिडकीखालच्या विटांवर छपराचा भार नसतो. तिथं फोडली तर भिंत अंगावर येत नाही. हे मला नंतर कळलं. त्याला हातानं कळत होतं.

साइडिंगशेजारी रुळांखाली घालायचे लाकडी स्लीपर रचलेले होते. त्याच्या इशाऱ्यावर बारा जणांनी पळत जाऊन एक स्लीपर उचलून आणला. मी ओरडून बायांना मागं सरायला सांगितलं. आतून रूथबाईचा आवाज आला.

"हवालदारसाहेब, तुमी हा काय?"

"हाव! मांगं सरा. भिंत फोडून राह्यलो."

"फोडा. पन लवकर फोडा. दोघी पडल्या."

"उनो, दुए, त्रे!" बेप्पे ओरडला. स्लीपर भिंतीवर आदळला. माती पडली. दुसरा घाव. तिसरा. आठव्या घावाला माझे शिपाईही त्यांच्या भाषेत आकडे मोजू लागले होते. पंधराव्या घावाला वीट आत गेली. मग पहारी चालल्या. एक एक्केचाळीसला माणूस वाकून जाईल एवढं भोक पडलं.

बेप्पे आधी आत गेला. त्याच्यामागं मी. धुरात हातभर अंतरावरचं दिसत नव्हतं. रूथबाईनं सगळ्या बायांना जमिनीवर पालथं झोपवलं होतं आणि पदर ओले करून तोंडावर धरायला लावले होते. जवळ पाण्याचे दोन माठ होते, तेवढ्यावर तिनं वीस मिनिटं काढली. ती एकेकीला हाताला धरून भोकाकडे ढकलत होती आणि मोजत होती. शुद्ध हरपलेल्या दोघींना बेप्पेनं आणि मी बाहेर काढलं. "बावीस," ती म्हणाली, आणि मगच स्वतः बाहेर आली. लुगड्याचा काठ जळला होता. हातावर फोड आले होते. बाहेर येऊन तिनं आधी त्या दोघींची नाडी पाहिली.

"जित्या हायेत," ती म्हणाली. मग खाली बसली.

एक पन्नासला आत कोणी उरलं नव्हतं. दोनला पाच कमी असताना पडवीकडचं छप्पर बसलं.

तोवर यशवंतनं पाण्याची रांग उभी केली होती. आवारातल्या विहिरीपासून ढिगापर्यंत माणसं एक हात अंतरावर उभी होती. कैदी, शेतकरी, वस्तीतली माणसं, गँगमन, स्टेशन मास्तर, माझे शिपाई. बादल्या, घागरी, तेलाचे डबे, जे मिळेल ते हातोहात जात होतं. कोणाच्या हातून पाणी आलं हे त्या दिवशी कोणी पाहिलं नाही. दुसऱ्या बाजूनं आमचे सव्वीस जण पेटलेला कापूस पहारींनी चांगल्या कापसापासून तोडत होते. तयार गाठी लोळवत रुळांपर्यंत नेत होते. सव्वातीनला आग आटोक्यात आली. ढिगाचा पाव हिस्सा आणि पडवी गेली. बाकी कापूस वाचला, बंड्या वाचल्या, पन्नास घरांची वर्षाची मेहनत वाचली. माणूस एकही गेला नाही.

साडेतीनला मी शिट्टी वाजवली. कैदी बोगीपाशी फॉल-इन झाले. तोंडं काळी, मिश्या जळलेल्या, काहींचे हात फडक्यात बांधलेले. यशवंतनं मोजणी केली. मग पुन्हा केली. मग माझ्याजवळ आला.

"उस्ताद, पंचेचाळीस."

बेप्पेनं आमची तोंडं पाहिली आणि स्वतः मोजलं. "लुईजी," तो म्हणाला. मग तो माझ्यासमोर येऊन सावधानमध्ये उभा राहिला. आपला शब्द त्याला आठवत होता.

मी त्याला तिथंच सोडून, यशवंतला घेऊन, जिनच्या आवारात गेलो. ती तीनशे यार्डांची चाल मला आजही आठवते. मांडीत गोळी लागली तेव्हाही मी इतका घाबरलो नव्हतो.

लुईजी विहिरीजवळ होता. पंचविशीतला, बारीक, कानाचं टोक भाजलेला. त्यानं एका उधळलेल्या बैलाची वेसण धरली होती आणि दुसऱ्या हातानं त्याच्या मानेवर थोपटत त्याला त्याच्या भाषेत काहीतरी सांगत होता. बैल शांत उभा राहून पाणी पीत होता. आणखी सात-आठ बैल शेजारी बांधलेले होते. पुंडलिकराव नावाचे एक म्हातारे शेतकरी घमेल्यानं पाणी पाजत होते.

"साहेब," ते मला म्हणाले, "हा मानूस बैलाचा जानकार हाय. उधयलेले आठ बैल यानं एकट्यानं धरून आनले. याले इथीच ठेवून जा. वावर देतो मी याले कसाले."

यशवंत हसला. मी त्याला हसताना पहिल्यांदा पाहिलं. मग मीही हसलो. लुईजीला काय झालं ते कळलं नाही. त्यानं पाणी संपेपर्यंत थांबायची खूण केली. आम्ही थांबलो.

बेप्पेनं आम्हाला तिघांना येताना पाहिलं आणि खालीच बसला. मी त्याला हात देऊन उठवलं. त्यानं हात सोडला नाही. मीही सोडवून घेतला नाही.

"शेहेचाळीस," यशवंत म्हणाला.

मी त्यांना परत बोगीत घालायला हवं होतं. घातलं नाही. तोवर गावातून माणसं यायला लागली होती. मळेवाल्या माळ्यांनी पेरूच्या आणि संत्र्यांच्या पाट्या आणल्या, झेंडूच्या माळा आणल्या. शेतकऱ्यांच्या घरून भाकरी आणि झुणका आला. ज्यांच्या बाया वाचल्या होत्या ती माणसं कैद्यांच्या हातात जे असेल ते ठेवत होती. एका कैद्याच्या गळ्यात सात माळा झाल्या. प्लॅटफॉर्मवर एकच पंगत बसली. कैदी, शिपाई, शेतकरी, ख्रिस्ती वस्ती, सगळे एका ओळीत. रूथबाई हाताला पट्टी बांधून आली होती. घरी लेकरांसाठी ठेवलेल्या करंज्या तिनं आणल्या. ती पुंडलिकरावांपाशी येऊन थांबली. आजूबाजूचं बोलणं बंद झालं. म्हाताऱ्यांची सूनही त्या बावीस जणींत होती. त्यांनी दोन्ही हात पुढं केले.

"दे, माय," ते म्हणाले. करंजी त्यांनी तिथंच, सगळ्यांदेखत खाल्ली. "गोड झाली," म्हणाले. मग त्यांच्या शेजारच्यानं हात पुढं केला.

पाच वाजता वस्तीचे उपदेशक याकोब मास्तर प्रार्थनेला उभे राहिले. ते रूथबाईचे थोरले भाऊ. प्रार्थना लहान केली. मग त्यांनी वही उघडली. नाताळच्या संध्याकाळी ते वस्तीतल्या गेलेल्या माणसांची नावं वाचत.

"आज पाहुने हायेत," ते म्हणाले. "ज्याचं कोनी लढाईत गेलं असंन त्यानं नाव सांगावं. आमी आमच्यासंगं घेतो."

बेप्पेनं ते आपल्या माणसांना समजावलं. एकेक जण उठला. कोणी भावाचं नाव सांगितलं, कोणी मित्राचं. याकोब मास्तर ऐकतील तसं देवनागरीत लिहीत गेले. चौदा नावं झाली. त्यांतली काही त्याच डोंगरातली होती, जिथं आमची पलटण होती. कदाचित माझ्याच गोळीची असतील. मी हिशेब केला नाही.

मग रूथबाईनं माझ्याकडे पाहिलं. मी उठलो.

"महादेव," मी म्हणालो. "तेल्हाऱ्याचा."

आवाज नीट निघाला. वस्तीच्या नावांमागून ही पंधरा नावं एकामागून एक वाचली गेली. बेप्पेनं डोक्यावरची टोपी काढली होती. महादेवच्या नावाला त्यानं मान खाली केली. आफ्रिकेतून आल्यानंतर त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा रडलो, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

सहा पाचला इंजिन आलं. त्याच्यावर कॅप्टन साहेब होते. कैदी बोगीत होते, दाराला कुलूप होतं, गार्ड आपापल्या जागी होता. पण चेहरे काळे होते आणि गळ्यांत झेंडू होते.

"हवालदार. काउंट?"

"फॉर्टी-सिक्स, सर. ऑल प्रेझेंट." मग मी सगळं सांगितलं. दार मी उघडलं, माझ्या हुकमानं, नायकाचा आणि शिपायांचा यात दोष नाही.

ते मला घेऊन जिनपर्यंत गेले. फोडलेली भिंत पाहिली, भोकात वाकून आत पाहिलं. परत आले तेव्हा स्टेशन मास्तरांनी गावाच्या साक्षीचा एक कागद दिला. त्याच्यावर बासष्ट अंगठे आणि नऊ सह्या होत्या. त्यांनी तो घडी करून खिशात ठेवला.

"मला रिपोर्ट करावा लागेल," ते म्हणाले.

"सर."

"खरा रिपोर्ट करीन."

त्यांनी केला. महिन्याभरानं मला कर्नल साहेबांसमोर उभं केलं गेलं. हुकूम मोडल्याबद्दल माझ्या सर्व्हिस शीटवर लाल शाईनं शेरा पडला. हवालदाराच्या पट्ट्या राहिल्या. शेरा लिहून झाल्यावर कर्नल साहेबांनी लेखणी खाली ठेवली, उभे राहिले आणि माझ्याशी हात मिळवला. माझी मेडल्स कपाटात आहेत. तो शेरा मी नातवंडांना वाचून दाखवतो.

लढाई संपल्यावरचा पहिला नाताळ मी त्या वस्तीत केला. एकटा गेलो. लुईजी सुखरूप घरी पोचल्याचं पत्र मला मिळालं होतं. बेप्पे पोचला नाही. छावणीत टायफॉइडनं गेला. नायक यशवंत बढती घेऊन रायफल कंपनीत गेला आणि ब्रह्मदेशात एका नदीच्या काठावर, जखमी माणसाला पाठीवर घेऊन येताना पडला. त्याच्याबरोबर माझ्या गार्डातले दोन शिपाई, किसन आणि रहमान, तेही पडले.

रूथबाईनं मला जेवायला वाढलं. त्या दिवशीच्यांपैकी कोण कोण उरलं हे तिनं विचारलं आणि मी सांगितलं. याकोब मास्तरांनी वही काढून चार नावं खाली लिहिली. संध्याकाळी त्यांनी सगळी यादी वाचली. आता त्यांना ती परकी नावंही सरावाची झाली होती. वाचताना ते कुठं अडखळले नाहीत, कुठं थांबले नाहीत. आमचे कोण आणि त्यांचे कोण, हे ऐकणाऱ्याला कळायला मार्ग नव्हता.